चंद्रकोरीच्या शिरस्त्राणाखालचा माणूस

दाते मासामुनेची उंची १५९.४ सेंटिमीटर होती. चारशे वर्षांपूर्वीच्या सरदाराबद्दल इतक्या नेमकेपणानं बोलता येतं, कारण १९७४ साली त्याची कबर उघडण्यात आली. ईशान्य जपानातल्या सेंदाई शहरात, हिरोसे नदीच्या वळणाशी क्योगामिने नावाची टेकडी आहे. तिच्यावर झुइहोदेन ही मासामुनेची समाधी. तो १६३६ साली वारला, पुढच्या वर्षी समाधी उभी राहिली आणि जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहराबरोबर तीही जळून गेली. ती पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा आधी खालची जमीन खणून पाहिली गेली. दगडी कोठडीत अस्थी चांगल्या अवस्थेत होत्या. शेजारी तलवार होती, दौत-लेखणीची पेटी होती, तंबाखू ओढायची लांब दांड्याची चिलीम होती, युरोपीय घडणीचा सोन्याचा ब्रोच होता आणि एक पेन्सिल होती. जपानात सापडलेल्या सर्वांत जुन्या पेन्सिलींमध्ये तिची गणना होते. अभ्यास पुरा झाल्यावर अस्थी पुन्हा जमिनीत ठेवल्या गेल्या आणि १९७९ मध्ये वरची इमारत पूर्ण झाली.

टोकियोहून सेंदाई साधारण साडेतीनशे किलोमीटर. वेगवान शिनकानसेन हे अंतर दीड तासात कापते. स्टेशनाबाहेर पर्यटकांसाठी गोल फेरी मारणारी बस मिळते आणि ती समाधीच्या पायथ्याशी सोडते. तिथून दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे उंच सुगी वृक्ष, त्यामुळे भर दुपारीही अंगावर गारवा येतो. वर पोचल्यावर एकदम काळ्या लाखेची, सोनेरी पत्र्यांची, लाल-निळ्या-हिरव्या कोरीवकामाची इमारत समोर उभी राहते. जपानी सौंदर्य म्हणजे साधं लाकूड आणि रिकामी जागा, ही आपल्याकडची समजूत इथं पार गळून पडते. हा मोमोयामा काळाचा थाट आहे. लढायांतून वर आलेल्या माणसांना सोनं आवडायचं आणि ते लपवावं असं त्यांना वाटत नसे.

शेजारच्या छोट्या संग्रहालयात कवटीवरून घडवलेला मासामुनेचा चेहरा ठेवला आहे. लांबट चेहरा, उंच सरळ नाक. उजवा डोळा लहानपणीच देवीच्या रोगानं गेला होता, पण त्या घडवलेल्या चेहऱ्यावर दोन्ही डोळे आहेत. माझ्या चित्रांत आणि मूर्तींत दोन्ही डोळे दाखवा, अशी त्याची स्वतःचीच इच्छा होती असं सांगतात. मी त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. सिनेमांतून आणि मालिकांतून जगाला माहीत झालेला ‘एकाक्ष ड्रॅगन’ तिथं नव्हता. तिथं थकलेला, सावध नजरेचा एक कारभारी होता. सेंदाईत हिंडताना मला त्याचीच ओळख हवी होती.

मासामुनेचा जन्म १५६७ चा, योनेझावाच्या गढीतला. वडील तेरुमुने हे दाते घराण्याचे प्रमुख, आई योशिहिमे शेजारच्या मोगामी घराण्यातली. एका डोळ्यानं अधू झालेल्या या लाजऱ्या मुलाला घडवण्यासाठी वडिलांनी कोसाई सोइत्सु या झेन भिक्षूला बोलावलं. १५८४ मध्ये वडिलांनी स्वतःहून गादी सोडली आणि सतराअठरा वर्षांचा मुलगा घराण्याचा प्रमुख झाला. दुसऱ्याच वर्षी शरण आलेल्या एका शेजारी सरदारानं तेरुमुनेला पळवून नेलं. पाठलागात तो सरदार मेला आणि तेरुमुनेही मेला. गोळीबाराचा हुकूम कुणाचा, वडिलांच्या मृत्यूत मुलाचा वाटा किती, याबद्दल अजून वाद आहे. एवढं मात्र खरं, की ज्या वयात आपल्याकडची मुलं बारावीचा निकाल बघतात, त्या वयात या मुलाच्या डोक्यावर एक मुलूख, एक सूड आणि वडिलांचं प्रेत होतं.

पुढची चार वर्षं त्यानं सलग लढण्यात घालवली. १५८९ मध्ये बांदाई डोंगराच्या पायथ्याशी सुरिआगेहाराच्या लढाईत त्यानं आशिना घराणं मोडलं आणि आइझु प्रांत घेतला. तेविशीच्या आत तो उत्तरेतला सर्वांत मोठा सरदार झाला होता. आणि नेमकं तेव्हाच लढायांचं युग संपत आलं होतं. पश्चिमेकडे तोयोतोमी हिदेयोशीनं बहुतेक जपान आपल्या हुकमतीखाली आणला होता आणि सरदारांनी आपापसांत लढायचं नाही असं फर्मान काढलं होतं. मासामुनेनं ते धुडकावलं होतं.

१५९० मध्ये हिदेयोशी ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि त्यानं सगळ्या सरदारांना हजर व्हायला सांगितलं होतं. मासामुने उशिरा पोचला. त्याला हाकोनेच्या डोंगरात थांबवून ठेवलं, चौकशी केली. त्या अवस्थेत त्यानं निरोप पाठवला, की चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू इथं आलेलेच आहेत तर मला त्यांच्याकडून चहाविधी शिकायचा आहे. मृत्युदंडाची शक्यता असताना असं मागणं मागणारा माणूस हिदेयोशीला आवडून गेला. भेटीच्या दिवशी मासामुने मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या वेशात आला, असं सांगतात. हिदेयोशीनं हातातली काठी त्याच्या मानेला टेकवली आणि आणखी थोडा उशीर केला असतास तर इथं घाव बसला असता, अशा अर्थाचं काही बोलला, हीही गोष्ट सेंदाईत प्रत्येकाला ठाऊक आहे. जीव वाचला, आइझु गेलं. पुढच्या वर्षी एका बंडाला फूस दिल्याचा आरोप आला, पुराव्यादाखल त्याच्याच सहीचं पत्र पुढं आलं. आपल्या पक्ष्याच्या आकाराच्या सहीत डोळ्याच्या जागी आपण सुईनं भोक पाडतो, या पत्रात ते नाही, म्हणून पत्र बनावट, असा बचाव त्यानं केल्याचं सांगतात. हिदेयोशीचा त्यावर कितपत विश्वास बसला असेल? त्यानं मासामुनेला सोडलं, पण जन्मगाव योनेझावा आणि आसपासचा मुलूख काढून घेऊन इवादेयामाला धाडलं.

मासामुनेचं उरलेलं आयुष्य या दोन वर्षांत ठरलं, असं माझं मत आहे. लढून मिळवता येतं आणि एका कागदावर सगळं जाऊ शकतं, हे त्याला चोविशीच्या आत कळलं. पुढं पंचेचाळीस वर्षं तो जगला आणि ती बहुतेक सगळी दुसऱ्याच्या नजरेखाली गेली. हिदेयोशीनंतर सत्तेसाठी लढणाऱ्या तोकुगावा इएयासुनं १६०० मध्ये त्याला जुना मुलूख परत देण्याचं लेखी वचन दिलं होतं. ते पाळलं असतं तर त्याची जहागीर दहा लाख कोकूंच्या (कोकू हे तांदळाचं माप) वर गेली असती. पण युद्धाच्या धांदलीत मासामुनेनं शेजाऱ्याच्या मुलखात बंडाला हात दिला आणि वचन हवेत विरलं. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे.

सेंदाईचा किल्ला त्यानं १६०१ मध्ये बांधायला घेतला. आओबा टेकडीवर एका बाजूला हिरोसे नदीचा कडा, दुसऱ्या बाजूला तात्सुनोकुचीची खोल घळ. किल्ला बघायला येणारे बरेच लोक वर येऊन निराश होतात, कारण तिथं उंच पांढरा बुरूज नाही. तो कधीच नव्हता. मासामुनेनं मुख्य बुरूज बांधलाच नाही. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, होऊ घातलेल्या इएयासुच्या डोळ्यांत खुपेल असं काही उभं न करणं शहाणपणाचं होतं आणि शिवाय डोंगरच बुरुजाचं काम करत होता. बुरुजाऐवजी त्यानं पैसा ओतला तो दरबाराच्या भव्य दिवाणखान्यात. आज त्याच्या जोत्याची आखणी जमिनीवर केलेली दिसते. त्या आखणीवरून चालत गेलं की शोगुन किंवा सम्राट आलाच तर त्याला कुठं बसवायचं, आपण कुठं बसायचं, कारभाऱ्यांनी किती अंतरावर, हे सगळं पायांना कळतं. इमारत गेली तरी दरबाराचा नकाशा शिल्लक आहे.

उत्तरेकडचा दगडी तट मात्र डोळे भरून बघावा असा. सतरा मीटरांपर्यंत उंच, कोपऱ्यावर सुरेख बाक घेतलेला. विसाव्या शतकाच्या शेवटी तो दुरुस्तीसाठी उलगडला, तेव्हा आतमध्ये आणखी जुने तट निघाले. भूकंप व्हावा, तट ढासळावा, नवा बांधावा असा इथला क्रम आहे. माथ्यावरचा मासामुनेचा अश्वारूढ पुतळाही २०२२ च्या भूकंपात कलला होता, दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी परत आला. पहिला पुतळा १९३५ चा, तो युद्धकाळात धातूसाठी वितळवायला गेला, आजचा १९६४ चा. शिरस्त्राणावर ती प्रसिद्ध चंद्रकोर, एक बाजू लांब, एक आखूड. शाळेच्या सहली त्याच्यासमोर फोटो काढतात आणि खाली पसरलेलं शहर बघतात.

पण त्याच्या रोजच्या जगण्याकडे नेणारी वाट वेगळी आहे. किमुरा उएमोन नावाचा एक सेवक मासामुनेच्या उत्तरायुष्यात त्याच्याजवळ होता आणि त्यानं धन्याचा दिनक्रम, सवयी, बोलणं लिहून ठेवलं. एका दाइम्योचा, म्हणजे बड्या सरदाराचा, दिवस इतक्या जवळून दाखवणारं लेखन फार कमी सापडेल. मासामुने उठल्यावर आपले केस स्वतः बांधायचा. तोंड धुऊन तंबाखू ओढायचा. तंबाखू तेव्हा औषध मानली जाई आणि तो ती ठरलेल्या वेळांना, नेमानं घ्यायचा. मग तो शौचाच्या खोलीत जायचा, आणि तिथं बराच काळ बसायचा. ती खोली म्हणजे त्याची खासगी कचेरी होती. आत फळ्या होत्या, कागद आणि दौत-लेखणी होती, तलवार ठेवायची घोडी होती, उदाचं पात्र होतं. सेवक, कारभारी, पाहुणे यांच्या गराड्यात अख्खा दिवस काढणाऱ्या माणसाला एकटं बसून विचार करायला मिळे ती ही एकच जागा. आणि तिथं तो रोज ठरवायचा, की आज जेवणात काय करायचं.

जेवण हा त्याचा खरा छंद होता. आज आपल्याबरोबर कोण जेवणार, कुणाला काय आवडतं, मोसमात काय ताजं आहे, हे तो स्वतः बघायचा. पाहुणा घरी आला की यजमानानं स्वतः हात लावून एखादा तरी पदार्थ करावा, असं त्याचं मत होतं. शोगुन इएमित्सु त्याच्या एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, वाड्यावर जेवायला आला, तेव्हाही ताट मासामुनेनं स्वतः वाढून आणल्याची हकिकत आहे. तेव्हा शोगुनच्या एका अधिकाऱ्यानं, तुम्ही आधी चव घेऊन दाखवा, असं सुचवलं. विषाची शंका! म्हातारा मासामुने खवळला. मला बंड करायचं असतं तर ते मी पूर्वीच घोड्यावर बसून केलं असतं, विष घालायला मी काय हलका माणूस आहे, अशा आशयाचं त्यानं सुनावलं. शोगुन ऐकत होता आणि नंतर निवांत जेवला.

सेंदाईच्या जेवणात आजही त्याचं नाव निघतं. फौजेला लागणारा मिसो आपल्या देखरेखीखाली बनावा म्हणून त्यानं मिसोचं सरकारी कोठार घातलं होतं. तांबूस, खारट, टिकाऊ असा सेंदाई मिसो दुकानांत मिळतो आणि त्याचं सूप पहिल्या घोटालाच दमदार लागतं. कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण लावलेले झुन्दा मोची मात्र मासामुनेनंच शोधले, ही दंतकथा म्हणूनच खावी. चव दंतकथेपेक्षा चांगली आहे.

त्याची पत्रंही शेकडोंनी उरली आहेत. त्या काळचे मोठे सरदार लेखनिकाकडून लिहवून घेत, हा स्वतः लिहायचा. दारूच्या भरात एका तरुण प्रिय सेवकाच्या निष्ठेवर संशय घेतला आणि त्या मुलानं स्वतःचा हात कापून रक्तानं शपथ लिहून पाठवली, तेव्हा मासामुनेनं लिहिलेलं माफीचं पत्र वाचताना मन कालवतं. १५९३ मध्ये हिदेयोशीच्या मोहिमेत कोरियाला गेला असताना त्यानं आईला लिहिलेलं मायेचं पत्रही आहे. याच आईनं १५९० मध्ये धाकट्या मुलासाठी मासामुनेवर विषप्रयोग केला, अशी गोष्ट फार प्रचलित आहे. इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका वाटते, आणि ते पत्र वाचल्यावर मलाही वाटली.

दाइम्योचं घर मात्र त्याचं एकट्याचं नसे. मासामुनेची पत्नी मेगोहिमे आधी क्योतोत, मग फुशिमीत, नंतर एदोत राहिली. कारण साधं होतं: बायकामुलं सत्तेच्या शहरात राहिली की सरदार बंड करत नाही. मासामुनेची मुलगी इरोहाहिमे इएयासुच्या मुलाला दिली होती. १६१६ मध्ये जावयाची जहागीर शोगुननं काढून घेतली, संसार मोडला आणि मुलगी सेंदाईला परत आली. १६३५ मध्ये सरदारांनी आळीपाळीनं एदोत येऊन राहायचं हा नियम कायद्यात आला, पण मासामुनेच्या आयुष्याची कित्येक वर्षं त्याआधीच अशा येण्याजाण्यात गेली होती.

या सगळ्याचा खर्च कशातून निघायचा? भातातून. जपानी सरदाराची किंमत कोकूंत मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. दहा हजार कोकूंच्या वरची जहागीर असेल तर तो दाइम्यो. सेंदाईची जहागीर ६ लाख २० हजार कोकूंची, कागा आणि सात्सुमा यांच्यानंतर देशात तिसरी. पण कागदावरचे कोकू पोट भरत नाहीत. पडीक आणि दलदलीची जमीन भाताखाली आणण्यासाठी मासामुनेनं आपल्या माणसांना ती जमीनच नेमून दिली: जा, खणा, पिकवा. १६२० च्या दशकात कावामुरा मागोबेई या जाणकारानं किताकामी या उत्तरेतल्या सर्वांत मोठ्या नदीचा प्रवाह वळवून तिचं तोंड इशिनोमाकीला आणलं. तिथून तांदळानं भरलेल्या नावा थेट एदोला जाऊ लागल्या. वाढत्या राजधानीच्या ताटात सेंदाईचा भात आला, आणि दर वर्षीचा हा रोकडा पैसा सेंदाईला कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडला. इशिनोमाकीच्या बंदरावर उभं राहिल्यावर मला मासामुनेची ही कामगिरी त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटली.

याच किनाऱ्यावर डिसेंबर १६११ मध्ये मोठी त्सुनामी आली. मासामुनेच्या मुलखात १,७८३ माणसं बुडाल्याची नोंद आहे. सेबास्तियान विस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी तेव्हा याच किनाऱ्याची पाहणी करत होता. दोन वर्षांच्या आत मासामुनेनं त्याच्या माणसांच्या मदतीनं युरोपीय पद्धतीचं जहाज बांधलं आणि ऑक्टोबर १६१३ मध्ये त्सुकिनोउरा या छोट्या खाडीतून ते मेक्सिकोच्या दिशेनं निघालं. सुमारे १८० माणसं, त्यांत मासामुनेचा वकील हासेकुरा त्सुनेनागा आणि लुईस सोतेलो हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू. मेक्सिकोशी थेट व्यापार हवा आणि त्यासाठी धर्मगुरू येऊ द्यायला आपली तयारी आहे, असा प्रस्ताव होता.

गोव्याच्या वाचकाला इथं ओळखीचा धागा सापडेल. ख्रिस्ती धर्म जपानात नेणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघाला होता. क्यूशूच्या सरदारांनी १५८२ मध्ये युरोपला पाठवलेले चार किशोर येता-जाता पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातून गेले आणि परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये त्यांच्यापैकी हारा मार्तिनोनं गोव्यात भाषणही केलं. मासामुनेचं जहाज मात्र उलट्या दिशेला, पॅसिफिक ओलांडून गेलं. हासेकुरानं माद्रिदमध्ये राजा तिसऱ्या फिलिपसमोर बाप्तिस्मा घेतला, नोव्हेंबर १६१५ मध्ये रोमला पाचव्या पॉल पोपची भेट घेतली, रोमचं मानद नागरिकत्व मिळवलं. व्यापाराचा करार मिळाला नाही. तोवर जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती. १६२० मध्ये हासेकुरा परतला आणि त्याच सुमारास मासामुनेनं आपल्या मुलखात बंदी लागू केली. हासेकुरा १६२२ मध्ये वारला. सोतेलोला १६२४ मध्ये ओमुरा इथं जाळून मारण्यात आलं. मासामुनेला मी इथं पूर्ण माफ करू शकत नाही. सात वर्षं जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या वतीनं हिंडलेला माणूस त्यानं निमूटपणे विस्मृतीत जाऊ दिला. पण घराणं वाचवायचं तर दुसरा मार्ग कोणता होता, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

त्या सफरीच्या वस्तू सेंदाई शहर संग्रहालयात आहेत: लॅटिनमधलं नागरिकत्वाचं चर्मपत्र, हात जोडून प्रार्थना करणाऱ्या हासेकुराचं तैलचित्र, पोपचं चित्र. त्या राष्ट्रीय ठेव्यात आहेत आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीतही गेल्या. तैलचित्रावर घडी घातल्याच्या आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. बंदीच्या काळात ते कुठंतरी घडी करून दडवून ठेवलं होतं, हे त्या रेघांवरून समजतं.

मात्सुशिमा सेंदाईपासून लोकलनं पाऊण तासाच्या आत. खाडीतली पाइन वृक्षांची बेटं बघायला सगळे जातात, पण मासामुनेसाठी जायचं ते झुइगान्जी मंदिरात. १६०४ ते १६०९ या काळात त्यानं ते नव्यानं बांधलं. लाकूड थेट कुमानोहून समुद्रमार्गे आणवलं, कारागीर क्योतो आणि कीइ प्रांतातून बोलावले. आतल्या दालनांची सोनेरी पार्श्वभूमीवरची मोर-चित्रं बघताना पाय निघत नाही. इथल्या संग्रहालयात मासामुनेची चिलखतातली लाकडी मूर्ती आहे, मेगोहिमेनं त्याच्या सतराव्या स्मृतिवर्षी, १६५२ मध्ये करवून घेतलेली. कोरियाच्या मोहिमेच्या वेळचा तरुण मासामुने तिला हवा होता. आणि या मूर्तीला एकच डोळा आहे. नवऱ्याच्या इच्छेपेक्षा तिला नवरा जसा होता तसा हवा होता, असं मी समजतो.

मासामुने शेवटचा एदोला निघाला तो १६३६ च्या वसंतात, आजारी असताना. निघण्याआधी तो क्योगामिने टेकडीवर गेला, आपल्याला पुरायची जागा काठी टेकवून दाखवली. एदोत शोगुन त्याला बघायला आला आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्यामागे पंधरा सेवकांनी स्वतःला संपवलं, आणि त्या पंधरांमागे त्यांचे पाच. समाधीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे दगड आहेत. निष्ठेची थोर परंपरा म्हणून त्यांच्याबद्दल बोललं जातं. मला तिथं वीस घरांची वाताहत दिसली. पुढच्या पिढीत, १६६३ मध्ये, शोगुननं ही प्रथा बंद केली, हे बरंच झालं.

सेंदाईला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की वेळ कमी असेल तर पुतळ्यासमोरचा फोटो टाळला तरी चालेल. शहर संग्रहालय टाळू नका. आधी झुइहोदेन बघा, मग संग्रहालय, दुसऱ्या दिवशी मात्सुशिमा, आणि जमलं तर तिथूनच पुढं इशिनोमाकी. सोमवारी संग्रहालय बहुधा बंद असतं, तेवढं बघून बेत आखा.